फेकणाऱ्या हाताची निगा: बेसबॉलपटूंसाठी सराव, विश्रांती आणि दुखापत टाळण्याचा वर्षभराचा क्रम

बेळगावच्या एखाद्या शालेय बेसबॉल संघातला पिचर शनिवारी दोन सामन्यांत चेंडू टाकतो, रविवारी सकाळी येळ्ळूरला किंवा कडोलीला गावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेत चार षटके गोलंदाजी करतो, त्याच सामन्यात सीमारेषेवरून दहा-पंधरा जोरदार थ्रो करतो, आणि सोमवारी सरावाला येऊन सांगतो, ‘‘सर, हात भरून आलाय.’’ किती चेंडू टाकलेस असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे शनिवारचा आकडा सांगतो. रविवार त्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो. सीमाभागातील मुलांच्या हाताच्या दुखापती मी जेवढ्या जवळून पाहिल्या आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ चुकीच्या शैलीपेक्षा या न धरलेल्या रविवारात होते. म्हणून या लेखात व्यायाम, शैली, आहार हे सारे येणार असले, तरी प्रत्येक ठिकाणी आपण परत परत मोजणीकडेच येणार आहोत.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडे ‘पिच’ म्हटले की खेळपट्टी डोळ्यांपुढे येते. बेसबॉलमध्ये पिच म्हणजे पिचरने फलंदाजाकडे टाकलेला एक चेंडू. गोंधळ टाळण्यासाठी पुढे ‘चेंडू’ आणि ‘फेक’ हेच शब्द वापरले आहेत.

एका फेकीत शरीराचे काय होते

बेसबॉलचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या लेदर चेंडूपेक्षा किंचित कमी असते आणि पिचर तो १८.४४ मीटर, म्हणजे ६० फूट ६ इंच अंतरावरून टाकतो. क्रिकेटच्या गोलंदाजाला धाव घेऊन वेग मिळवता येतो, शिवाय त्याचे कोपर फेकीच्या वेळी झटक्याने सरळ होत नाही. पिचरला मात्र जागेवरूनच एका पावलात सगळा वेग निर्माण करावा लागतो. मागच्या पायाने जमीन रेटली जाते, पुढचा पाय जवळजवळ स्वतःच्या उंचीइतका लांब पडतो, कंबर वळते, तिच्या मागोमाग छाती वळते आणि सगळ्यात शेवटी हात येतो. छाती पुढे निघालेली असताना हात अजून मागेच झुकलेला असतो, आणि नेमक्या त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यावर, लिगामेंटवर) सर्वांत जास्त ताण येतो. त्यानंतर खांदा आतल्या दिशेने फिरतो तो वेग प्रौढ पिचरमध्ये सेकंदाला सुमारे ७,००० अंशांपर्यंत जातो; चेंडू सुटल्यावर तोच हात सेकंदाच्या अगदी लहानशा भागात थांबवायचा असतो, आणि तेव्हा हात खांद्यातून उपटला जाऊ नये म्हणून खांद्यामागच्या लहान स्नायूंना साधारण शरीराच्या वजनाइतका ओढा सहन करावा लागतो.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पाय आणि कंबर थकली की वेगाची तूट हात भरून काढू लागतो, म्हणून थकव्याची पहिली खूण हातात शोधू नये. पुढचे पाऊल आखूड पडू लागणे, कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरणे आणि चेंडू सारखे उंच जाऊ लागणे या खुणा आधी दिसतात. दुसरी गोष्ट अशी की हात थांबवणारे स्नायू हात फेकणाऱ्या स्नायूंइतकेच महत्त्वाचे आहेत, पण आरशात ते दिसत नसल्याने मुले त्यांच्याकडे पाहतही नाहीत.

वाढत्या वयात आणखी एक अडचण असते. हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चेची वाढपट्टी, जिला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात, ती अस्थिबंधापेक्षा कमजोर असते. प्रौढाचा अस्थिबंध फाटतो, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाची वाढपट्टी आधी दुखावते. त्यामुळे मोठ्यांचा सराव निम्मा करून लहानांना द्यायचा ही आपल्याकडची पद्धत मुळातच चुकीची आहे.

सुरुवात वहीपासून

शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक खेळाडूने ती स्वतः लिहावी. प्रशिक्षकाने फक्त तपासावी. रोज एक ओळ पुरते: तारीख, कोणता चेंडू, एकूण जोरदार फेकी, दहापैकी किती जोर लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा होता. या शेवटच्या रकान्याला मी सर्वांत जास्त किंमत देतो. उठल्यावर कोपर पूर्ण सरळ होते का, त्याच हाताची बोटे त्याच बाजूच्या खांद्याला टेकतात का, दात घासताना कुठे टोचते का, एवढेच पाहायचे असते.

मोजणीत काय धरायचे हा खरा प्रश्न आहे. फ्लोरिडातील शालेय पिचरांच्या एका पाहणीत असे आढळले की सामन्याच्या दिवशी माउंडवरून (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या मातीच्या उंचवट्यावरून) टाकलेल्या चेंडूंपैकी सुमारे ४२ टक्के चेंडू मोजणीतच येत नव्हते, कारण ते सामन्यापूर्वीच्या तयारीत किंवा दोन इनिंगच्या, म्हणजे सामन्यातल्या छोट्या डावांच्या, मध्ये टाकलेले होते. आपल्याकडे यात टेनिस बॉलच्या फेकी, कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू) म्हणून परत केलेले चेंडू आणि क्षेत्ररक्षणाचा सराव यांचीही भर पडते. टेनिस बॉल हलका असल्याने तो हाताला लागत नाही हा समज सोडून द्यावा. चेंडू हलका असला तरी हात तेवढ्याच किंवा त्याहून जास्त वेगाने फिरतो आणि तो थांबवण्याचे काम खांद्याला करावेच लागते. त्यामुळे वहीत टेनिस बॉलची जोरदार फेक ही पूर्ण एक फेक म्हणूनच लिहावी.

मोसमाआधीची तपासणी

खेळाडूला सपाट जमिनीवर पाठीवर झोपवावे, हात खांद्याच्या रेषेत बाजूला घ्यावा, कोपर काटकोनात ठेवावे आणि दुसऱ्याने त्याच्या खांद्याचे पाते हलके दाबून धरावे. मग हात आधी डोक्याच्या दिशेने मागे आणि नंतर पायांच्या दिशेने पुढे किती अंश झुकतो ते मोबाईलमधल्या कोन मोजणाऱ्या ॲपने मोजावे. फेकणाऱ्या हाताचा खांदा मागे जास्त आणि पुढे कमी वळतो. वर्षानुवर्षे फेकल्याने हाडाची ठेवणच तशी होते, त्यामुळे तेवढ्याने घाबरू नये. दोन्ही दिशांची बेरीज करून ती दुसऱ्या हाताच्या बेरजेशी ताडून पाहावी. बेरजेत ५ अंशांहून जास्त फरक असेल, किंवा पुढचे वळण दुसऱ्या हातापेक्षा सुमारे २० अंशांनी कमी असेल, तर तो खेळाडू जोखमीत आहे असे धरावे आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे. बेळगावात केएलईचे फिजिओथेरपी महाविद्यालय असल्याने आपल्या मुलांना ही सोय दूर नाही. त्यासोबत एका पायावर अर्धी बैठक मारायला सांगावे. गुडघा आत कोसळत असेल किंवा तोल जात असेल, तर त्या मुलाच्या हाताआधी त्याच्या पायांवर महिनाभर काम करावे लागेल.

वर्षाची आखणी: पाऊस, सुगी आणि स्पर्धा

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत मुलांनी वर्षातून किमान चार महिने फेकणे बंद ठेवावे आणि त्यांतील दोन ते तीन महिने सलग असावेत असे सांगितले आहे. त्यामागचे कारणही ठाम आहे. कोपराची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या तरुण पिचरांची निरोगी पिचरांशी तुलना करणाऱ्या २००६ च्या अभ्यासात असे दिसले की वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट होती आणि थकलेल्या हाताने नेहमी फेकणाऱ्यांमध्ये ती छत्तीसपट होती. हा दुसरा आकडा मी प्रत्येक पालकसभेत फळ्यावर लिहितो.

हे चार महिने सीमाभागात कुठे बसवायचे? आपल्याकडे पावसाळ्यात खानापूर आणि जांबोटीच्या बाजूला मैदानावर उभे राहणेही अवघड असते, त्यामुळे जून-जुलैची सुटी निसर्गच देतो असे वाटते. परंतु शालेय स्पर्धांची तालुका फेरी बहुतेक वर्षी पावसाळा ओसरण्याआधीच सुरू होते, आणि जुलैअखेरपर्यंत विश्रांती घेतलेला हात ऑगस्टमध्ये थेट सामन्यात उतरवणे हे विश्रांती न देण्याइतकेच घातक आहे. म्हणून माझ्या मते सलग विश्रांती एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत घ्यावी. या काळात गावोगावी टेनिस बॉल स्पर्धांचा हंगाम असतो, बक्षिसाची रक्कमही मोठी असते, आणि येथे मुलांशी खरा झगडा होतो हे मान्य केले पाहिजे. मी त्यांना फलंदाजी करू देतो आणि क्षेत्ररक्षणात स्लिपमध्ये किंवा यष्टीमागे उभे राहून चेंडू हाताखालून द्यायला सांगतो. गोलंदाजी आणि सीमारेषेवरची जागा बंद. जूनच्या मध्यापासून सहा ते आठ आठवडे शाळेच्या लांब व्हरांड्यात किंवा सभागृहात, पावसाने उघडीप दिली तर मैदानावर, हात हळूहळू तयार करावा. उरलेले दोन महिने राज्य पातळीवरच्या स्पर्धा संपल्यावर किंवा संघ बाद झाल्यावर घ्यावेत.

सुगीचा काळ या दुसऱ्या विश्रांतीशी बऱ्याचदा जुळतो, पण ती हाताची पूर्ण विश्रांती नसते. भाताची कापणी, भारे उचलणे, मळणी, निपाणी-चिक्कोडीकडे ऊसतोडणी या कामांत शेतकऱ्याच्या मुलाचे खांदे दिवसभर राबतात. असे काम करून आलेल्या मुलाला त्या संध्याकाळी फेकायला लावू नये, आणि वहीत त्या दिवशी ‘शेतकाम’ एवढे लिहून ठेवावे.

चेंडू हातात घेण्यापूर्वी

फेकून अंग गरम करू नये, अंग गरम करून फेकावे. डिसेंबर-जानेवारीत लेले मैदानावर किंवा व्हॅक्सिन डेपोच्या माळावर पहाटे सहाला सराव असेल, तर घाम फुटेपर्यंत धावायला पंधरा मिनिटेही लागू शकतात. उन्हाच्या दिवसांत पाच पुरतात. त्यानंतर पाय पुढे-मागे व आडवे झुलवणे, चालत लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघा वाकवणे) आणि त्यातच कंबर दोन्ही बाजूंना वळवणे, हातापायांवर रांगणे, आणि शेवटी रबर बँड. बँड नसेल तर सायकलची जुनी ट्यूब उभी कापून जाळीच्या खांबाला बांधावी; माझ्या संघात वर्षानुवर्षे तीच चालते. कोपर अंगाला लावून आणि मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवून हात बाहेर वळवणे, ट्यूब छातीकडे ओढून दोन्ही पाती मागे जवळ आणणे, आणि हात खांद्याच्या रेषेत ठेवून मागे वळवणे, प्रत्येकी पंधरा वेळा, एवढे फेकण्यापूर्वी पुरे. या वेळी ट्यूब जोरात ताणून स्नायू थकवायचे नसतात.

फेकीचा चढता क्रम

विश्रांतीनंतर परत येताना ‘आज निम्म्या जोराने फेका’ ही सूचना जवळजवळ निरुपयोगी असते. प्रयोगशाळेत पिचरांना निम्म्या जोराने फेकायला सांगितले तेव्हा चेंडूचा वेग कमाल वेगाच्या सुमारे ८५ टक्के राहिला आणि सांध्यांवरचा ताण सुमारे ७५ टक्के. म्हणजे आपल्याला निम्मे वाटते ते प्रत्यक्षात पाऊण असते. म्हणून जोर वाटण्यावर सोडू नये, अंतराने बांधून घ्यावा.

पुनर्वसनासाठी वापरल्या जाणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या कार्यक्रमातील अंतरे अशी आहेत: ४५ फूट, ६०, ९०, १२०, १५० आणि १८० फूट, म्हणजे साधारण १४, १८, २७, ३७, ४६ आणि ५५ मीटर. प्रत्येक अंतरावर दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीला २५ फेकींचे दोन संच आणि त्यांच्यामध्ये पाच ते दहा मिनिटे विश्रांती. दुसऱ्या पायरीला तेच तीन संच. एक दिवस फेकायचे, एक दिवस सोडायचे, आणि दुसऱ्या सकाळी हात ठणकला नाही तरच पुढची पायरी चढायची. ठणकला तर तीच पायरी परत करायची, आणि दुखणे सांध्यात असेल तर थांबायचे. मैदानावर चुन्याने ही अंतरे एकदाच आखून ठेवावीत. दोन बेसमधले अंतर ९० फूटच असल्याने तिथे वेगळी खूण लागत नाही. प्रत्येक फेकीआधी छोटी उडी घेऊन पाय लक्ष्याकडे वळवावेत, म्हणजे उभ्याने केवळ हाताने फेकण्याची सवय लागत नाही.

पिचरने १२० फुटांपर्यंत आरामात गेल्यावर माउंडकडे वळावे. क्षेत्ररक्षकांनी १८० फूट पूर्ण करावेत. त्यापलीकडे, जितके लांब जाईल तितके फेकून हात मजबूत करण्याची हौस अनेकांना असते. परंतु कमाल अंतराच्या फेकीत कोपरावरचा ताण माउंडवरच्या फेकीपेक्षाही वाढतो असे मोजमापांत दिसले आहे, त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलांना ती देऊ नये. जड चेंडूंबद्दलही माझे मत तसेच कडक आहे. १३ ते १८ वर्षे वयाच्या पिचरांवर झालेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात जड चेंडूंनी वेग ३.३ टक्के वाढला, पण त्या गटातील २४ टक्के मुलांना दुखापत झाली. व्हिडिओ पाहून घरीच लोखंडी छर्रे भरलेला चेंडू तयार करणाऱ्या मुलांना एवढे दोन आकडे सांगितले की पुरते.

माउंड नसलेल्या मैदानावर

आपल्या बहुतेक मैदानांवर माउंड नाही, आणि सपाट जमिनीवर सराव केलेला मुलगा स्पर्धेत पहिल्यांदाच २५ सेंटिमीटर उंच माउंडवर चढतो. पुढचा पाय अपेक्षेपेक्षा खोल जाऊन पडतो, छाती लवकर उघडते आणि हात मागे राहतो. यावर उपाय स्वस्त आहे. मैदानाच्या कडेला, जिथे क्रिकेटवाल्यांची हरकत येणार नाही तिथे, मुरूम आणि चिकण माती थराथराने घालून, पाणी मारून, चोपून २५ सेंटिमीटर उंचवटा करावा. वर ६१ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद रबरी पट्टी बसवावी. जुन्या ट्रकच्या टायरचा सपाट तुकडा चालतो, पण तो लाकडी फळीवर ठोकलेला असावा. पट्टीच्या पुढे १५ सेंटिमीटर सपाट सोडून तिथून दर फुटाला एक इंच असा उतार द्यावा. पाऊस पडला की त्यावर ताडपत्री टाकावी. बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी माती ओली झाली की तेलासारखी निसरडी होते, आणि पुढचा पाय दोन बोटे घसरला तरी तो झटका खांद्यावरच येतो. ओल्या मातीत आणि भिजलेल्या चेंडूने पिचिंगचा सराव करायचाच नाही. त्या दिवशी बैठका आणि ट्यूब.

ताकद: तालमीतले काय घ्यावे, काय सोडावे

सीमाभागातील मुलांच्या घरात किंवा गल्लीत कुठे ना कुठे तालीम असतेच, आणि आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्त्या पाहून वाढलेल्या मुलाला व्यायामाची लाज नसते, हा आपला मोठा फायदा आहे. बैठका पिचरसाठी उत्तम. त्यांत एका पायावरची बैठक आणि एका पायावर उभे राहून कमरेतून पुढे झुकणे यांची भर घालावी. जोर मात्र जपून मारावेत. खाली जाताना खांद्याचा पुढचा भाग पूर्ण ताणला जातो, आणि फेकणाऱ्यांचा तोच भाग आधीच सैल असतो. शेकडो जोर मारण्यापेक्षा साध्या दंडाच्या अवस्थेत वर आल्यावर हात आणखी रेटून पाठ किंचित गोल करावी; याने बरगड्यांवरचा, पाते धरून ठेवणारा स्नायू तयार होतो. मुद्गल डोक्यामागून फिरवताना खांदा नेमका फेकीतल्या मागच्या टोकाच्या अवस्थेत जातो, त्यामुळे मुद्गल फेकीच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी टाळावा. वस्तादांचा यावर माझ्याशी मतभेद आहे आणि तो राहू द्यावा; पैलवानाला चेंडू फेकून थांबवलेला हात दुसऱ्या दिवशी परत फिरवायचा नसतो.

खांद्यासाठी आठवड्यातून तीन दिवस, फेकीनंतर किंवा फेक नसलेल्या दिवशी, हे व्यायाम करावेत: अंगठा वर ठेवून हात तिरके खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणे, बाकावर पालथे पडून हात दोन्ही बाजूंना उचलणे, कुशीवर झोपून हात बाहेर वळवणे. वजन म्हणून पाण्याची एक लिटरची बाटली पुरते. ती एक किलोची असते, आणि बहुतेकांना सुरुवातीला अर्धीच झेपते. प्रत्येकी १० ते १५ चे दोन-तीन संच. मनगटासाठी बादलीत कोरडी वाळू भरून तिच्यात मूठ उघडणे, मिटणे व वळवणे हा व्यायाम चांगला. परदेशी व्हिडिओंत त्यासाठी तांदूळ वापरतात. आपल्या घरी तसे केल्यास आजीचे जे ऐकावे लागेल त्याची जबाबदारी माझी नाही.

सामन्याच्या दिवशीची मर्यादा

पिच स्मार्टमध्ये एका दिवसाची कमाल मर्यादा वयानुसार ठरवली आहे: ९-१० वर्षांना ७५ चेंडू, ११-१२ वर्षांना ८५, १३ ते १६ वर्षांना ९५, आणि १७-१८ वर्षांना १०५. टाकलेल्या चेंडूंवरून पुढची विश्रांती ठरते. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ पासून पुढे चार दिवस विश्रांती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ३१ ते ४५ ला एक, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, आणि त्यापुढे चार दिवस. त्याच सामन्यात पिचरला कॅचर करू नये.

आपल्या स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकल्या जातात, त्यामुळे हे आकडे पाळायचे तर एका पिचरवर संघ उभा करून चालतच नाही. किमान चार मुलांना पिचिंग शिकवावे, त्यांतील दोघे साधारण असले तरी चालतील. पहिला सामना हातात असेल तर मुख्य पिचरला विसाव्या चेंडूवर बाहेर काढावे, म्हणजे तो दुसऱ्या दिवशीही टाकू शकतो. मर्यादा ही परवानगी नव्हे. पाऊल आखूड पडू लागले तर चाळिसाव्या चेंडूवरही मुलाला काढावे. एका वर्षी मी स्वतः अंतिम सामन्यात एका पिचरला ‘अजून एक इनिंग’ म्हणून ठेवले. सामना जिंकला. त्या मुलाने पुढचे चार महिने चेंडू हातात घेतला नाही. तेव्हापासून मोजणीची वही सामन्यात मी माझ्याकडे ठेवत नाही, राखीव खेळाडूकडे देतो, आणि आकडा भरला की तो उठून उभा राहतो.

बारा वर्षांपर्यंत सरळ वेगवान चेंडू आणि त्याच हालचालीने टाकलेला संथ चेंडू, एवढेच शिकवावे. वळणारे चेंडू हे दोन्ही नीट जमल्यावरच, तेरा-चौदाच्या पुढे.

सामन्यानंतरचे दोन दिवस

हातात लॅक्टिक ॲसिड साठते आणि ते धावून किंवा चोळून बाहेर काढावे लागते, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ते रक्तातून तास-दीड तासात आपोआप निघून जाते. दुसऱ्या दिवशीचा ठणका स्नायूंच्या सूक्ष्म इजेचा असतो आणि त्याला वेळच लागतो. दहा मिनिटे हलके चालणे, ट्यूबच्या हलक्या हालचाली आणि कपडे बदलून कोरडे होणे, एवढे मैदानावर करावे. बर्फाने वेदना कमी वाटते, भरून येण्याचा वेग मात्र त्याने वाढत नाही. लावायचाच तर कापडात गुंडाळून पंधरा मिनिटे, आणि कोपराच्या आतल्या हाडावर थेट कधीच नाही, कारण तिथून नस जाते. तेलाने दंड आणि पाठ हलके चोळायला हरकत नाही. त्याच आतल्या हाडावर अंगठ्याने जोर देऊन मालीश करणे बंद करावे. वेदनाशामक गोळी खाऊन फेकणे हे तर थकल्याची खूण पुसून टाकणेच आहे.

खरे औषध झोप आहे. या वयाला आठ ते दहा तास लागतात, आणि पहाटेची बस पकडून मैदानावर येणाऱ्या खानापूरकडच्या मुलाला ती मिळत नाही. त्याचा सराव संध्याकाळी ठेवावा. आहारासाठी पावडरीचे डबे घेण्याची गरज नाही. पन्नास किलोच्या मुलाला दिवसाला सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने मिळाली की पुष्कळ झाली: एका अंड्यात ६ ग्रॅम, एका पेल्याभर दुधात साधारण तेवढीच, मटकीच्या किंवा चवळीच्या वाटीभर उसळीत आठेक ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, डाळ आणि दही यांतून बाकीचा भाग भरून निघतो. सामन्यानंतर तासाभरात काहीतरी पोटात जावे. केळे आणि शेंगदाणे सोबत बांधून नेणे सर्वांत सोपे.

दुखणे कुठे आहे ते विचारा

दंडाच्या आणि पाठीच्या मांसल भागात दोन्ही बाजूंना पसरलेला, दोन दिवसांत उतरणारा ठणका नेहमीचा आहे. बोटाने दाखवता येणारे दुखणे नेहमीचे नसते. कोपराच्या आतल्या हाडावर दाबले की दुखत असेल, तर वाढत्या मुलात वाढपट्टी आणि मोठ्यात अस्थिबंध धोक्यात असतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखून ते मध्येच अडकत असेल, तर सांध्यातील कूर्चेला इजा झालेली असू शकते आणि हे प्रकरण लांबवू नये. अकरा ते सोळा वर्षांच्या मुलाला दंडाच्या वरच्या टोकाला, खांद्याजवळ, फेकताना दुखत असेल, तर तिथली वाढपट्टी दुखावलेली असण्याची शक्यता असते; ती बरी व्हायला साधारण तीन महिने फेकणे बंद ठेवावे लागते आणि तसे ठेवले तर ती बहुधा पूर्ण बरी होते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या, फेकताना ‘टक्’ असा आवाज, रात्री झोपमोड करणारी वेदना, कोपर सरळ न होणे: यांतील एकही असेल तर त्या दिवसापासून फेक बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. जाताना वही सोबत न्यावी आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर दोन्ही हातांचे एक्स-रे घेण्याविषयी विचारावे, कारण वाढपट्टीतला फरक दुसऱ्या हाताशी तुलना केल्याशिवाय सहज दिसत नाही. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन वाढत्या वयाचा सांधा ओढून घेऊ नये.

मोठी मुले मोबाईलवर वाचून टॉमी जॉन शस्त्रक्रियेबद्दल विचारतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायूबंध बसवला. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. या कथेमुळे शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा जोरदार होतो असा समज पसरला आहे, तो खोटा आहे. परतायला साधारण वर्ष किंवा त्याहून अधिक लागते, आणि सगळेच परतत नाहीत.

परतीचा रस्ता

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हाताचे वळण दुसऱ्या हाताच्या बेरजेइतके आले आहे का, दाबल्यावर दुखते का आणि ट्यूबचे सगळे व्यायाम वेदनेशिवाय होतात का, हे आधी पाहावे. मग वर दिलेला ४५ फुटांपासूनचा क्रम पहिल्या पायरीपासून, एकही पायरी न गाळता करावा. १२० फुटांच्या दोन्ही पायऱ्या झाल्यावर माउंडवर पहिल्या दिवशी १५ सरळ चेंडू, दोन दिवसांनी तेवढेच, मग दर वेळी पाच-दहाची वाढ. ४५ पर्यंत गेल्यावर संथ चेंडू मिसळावेत, आणि वळणारे चेंडू त्यानंतर दोन आठवड्यांनी. पहिल्या सामन्यात त्याला एकच इनिंग द्यावी किंवा २० चेंडू, यांतले जे आधी संपेल ते, आणि त्या आठवड्याच्या रविवारी गावच्या स्पर्धेच्या कप्तानाला आपण स्वतः फोन करून सांगावे की हा मुलगा फक्त फलंदाजी करेल.